पायाचा दवाखाना

(शताब्दी सप्ताहात सहाव्या दिवशी, हरिपाठानंतर केलेले भाषण)



कमिटीची पोरं म्हणाली, "बुवा, शंभर वर्षं झाली, तुम्ही दिंडीच्या इतिहासावर बोला." आम्ही म्हटलं, इतिहासावर गुरुजी बोलतील, त्यांच्याजवळ वह्या आहेत. आमचं शिक्षण चौथी. आम्ही पायावर बोलतो. पोरं हसली. पण शंभर वर्षं ही दिंडी चालली कशावर? आमच्या आज्याच्या काळी इथून सिंदेवाहीहूनच लोक पायी निघत. आता आपण आळंदीपर्यंत गाडीनं जातो आणि तिथून माउलींच्या पालखीमागं अडीचशे किलोमीटर चालतो. खांद्यावरची पताका साऱ्यांना दिसते, पाय कोणी पाहत नाही. ज्याचा आहे तो पण पाहत नाही.

आम्ही पाहिला नाही, म्हणून बोलतो.

आम्हाला शुगर आहे हे बरीच वर्षं माहीत होतं. गोळी घ्यायचो, सप्ताहाच्या धावपळीत विसरायचो. पायाला मुंग्या यायच्या. मग मुंग्या पण येईनाशा झाल्या. आम्हाला वाटलं, चला, बरं झालं. बरं झालं नव्हतं. पायातली जाणीव गेली होती.

आमची वारी अनवाणी. अकरा वर्षं आम्ही पायात काही घातलं नाही आणि ते कीर्तनात सांगत पण होतो. खोटं कशाला बोलू, जरा फुगूनच सांगत होतो. 2019 च्या वारीत, म्हणजे कोरोनाच्या आदल्या वर्षी, लोणंदच्या पुढं डांबर तापलं होतं. बाकीचे रस्त्याच्या कडेचं गवत शोधत चालत होते आणि आम्ही मधून, शांत. मागचे म्हणाले, "बुवाची साधना पाहा." आम्हालाही तसंच वाटलं. आता डॉक्टर सांगतात, ती साधना नव्हती, ती बिमारी होती.

तरडगावच्या मुक्कामी शेजारी झोपलेल्यानं उठवलं, "बुवा, सतरंजीले रक्त लागलं." तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, आम्हाला पत्ता नाही. सुईनं काढला. वाटेवर सेवेचे तंबू असतात. पाय चोळून देणारी पोरं असतात, फुकट चपला शिवून देणारे बांधव असतात, मलमपट्टीचे डॉक्टर असतात. आम्ही गेलो नाही. अनवाणी चालणारा बुवा मलमपट्टीच्या रांगेत उभा राहिला तर लोक काय म्हणतील, हा विचार.

घरी आलो तर रोवणा अडलेला. आपल्या झाडीपट्टीच्या माणसाची ही जुनी अडचण आहे. आषाढी आणि रोवणा एकाच वेळी येतात. पऱ्हे टाकून निघायचं आणि आल्याआल्या बांधीत उतरायचं. आठ दिवस तोच पाय चिखलात. रात्री घरचीनं बिब्बा तापवून चरका दिला. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी घेतला असेल तो चरका, माणूस ओरडतो. आम्ही हूं की चूं केलं नाही. ती म्हणाली, "तुमाले लागत नाही का जी?" आम्ही म्हटलं, पांडुरंगाची कृपा.

शेवटी नातवानं सांगितलं. पोरगं सात वर्षांचं, आमच्या मांडीवरून उठलं आणि म्हणालं, "आबा, तुमच्या पायाचा वास येते."

तेव्हा गेलो दवाखान्यात. आता हे दवाखान्याचं नीट सांगतो, कारण आपल्या लोकांचं अर्ध्या वाटेवरून परत येणं होतं ते तिथंच.

पहिला दवाखाना मोठा, खाजगी. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. दारावर पाटी, चपला बाहेर काढा. आम्ही अनवाणी, आमचं काय जायचं होतं? पण आमच्या पुढं एक म्हातारी होती, तिच्या पायाला पट्टी होती, तिलाही चप्पल काढून त्या थंड, ओल्या फरशीवर उभं केलं. पायाच्या दुखण्याला आलेल्या माणसाची चप्पल दारात काढून घेतात, हे आम्हाला आजही समजलं नाही.

काउंटरवर एक पोरगी होती. तिनं वर न पाहता विचारलं, "काय होते?" म्हटलं, पाय. "कोणत्या डॉक्टरला दाखवायचं?" म्हटलं, पायाच्या. ती म्हणाली, "पायाचा डॉक्टर नसतो. हाड, चामडी का शुगर, ते सांगा." आता हे आम्ही सांगायचं? हाडवाल्याची चिठ्ठी फाडली. दोन तास बसलो. हाडवाल्यानं टेबलाच्या पलीकडूनच पाहिलं, म्हणाले हाडाचं नाही. मग चामडीवाले. त्यांनी मलम लिहिलं. पायाला बोट कोणी लावलं नाही. केसपेपर आणून देणाऱ्या पोरानं नाकाला रुमाल लावला. आम्ही पाय खुर्चीखाली घेतला. लाज वाटली. इतकी वर्षं ज्या पायांवर लोकांनी डोकं ठेवलं, तो लपवावा लागला.

चौथ्या फेरीला त्यांच्या हिशोबाच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "बाबा, गुडघ्याखालून काढावा लागेल, आधी पैसे भरा." डॉक्टरनं नाही सांगितलं, खिडकीवरच्यानं सांगितलं. पोरगा म्हणाला, बैलजोडी विकू. आम्ही म्हटलं, घरी चल.

काउंटरवरच्या त्या पोरीचा आम्हाला राग नाही. दिवसाला शेदोनशे माणसं तिच्या अंगावर येतात, पगार थोडा, आणि तिला कोणी शिकवलं नाही की वास येणारा पाय म्हणजे आधी आत घ्यायचा पाय. पण माणूस दवाखान्यात डॉक्टरला भेटण्याआधी तिला भेटतो. ती जे बोलते ते घरापर्यंत कानात राहतं.

दुसरा दवाखाना नागपूरला. व्याह्यांनी नेलं. तिथं काउंटरवर एक वयस्क बाई होती. आम्ही दारात लंगडताना पाहिलं तशी उठली, खुर्ची ओढली, दुसरी खुर्ची पायाखाली दिली. पहिलं वाक्य, "जेवले का? गोळी घेतली का?" शुगरवाल्यानं गोळी घेऊन उपाशी बसलं तर चक्कर येते, हे तिला माहीत होतं. नाव नंतर विचारलं. गळ्यात माळ पाहून म्हणाली, "महाराज, हा पाय घेऊन चालत आले? पुढच्या खेपेला दारापर्यंत रिक्षा आणा." आणि आमचा नंबर आधी लावला. मागच्या दोघांनी कुरकुर केली, तर त्यांना म्हणाली, यांना ताप आहे.

आत डॉक्टरबाई. त्या खाली छोट्या स्टुलावर बसल्या आणि आमचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. आम्ही झटकन मागं ओढला. म्हटलं, बाई, पाय नका धरू, आम्हाला पाप लागेल. त्या म्हणाल्या, "तुम्ही वारीत एकमेकांच्या पाया पडता नं? लहान-मोठा पाहता का?" म्हटलं, नाही. "मग द्या इकडे."

त्यांनी काय काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्हाला तपासणी कशी असते ते कळेल. आधी घोट्याजवळ आणि पायाच्या पाठीवर नाडी पाहिली, रक्त खालपर्यंत पोचतं का नाही. मग आमचे डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवत गेल्या. तो दोरा वाकतो तेव्हा बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडतो म्हणे. "लागलं की हो म्हणा." आम्ही वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळानं विचारलं, बाई, केव्हा सुरू करता? त्या म्हणाल्या, "झालं, महाराज. दहा जागी लावला." त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा घाबरलो.

मग जखमेभोवतीचं कडक, मेलेलं कातडं खरवडून काढलं. भोवरीचं कातडं वाढलं की चालताना खडा टोचावा तसं ते आतून दाबतं आणि खाली जखम होते, वरून दिसत नाही. म्हणून घरी ब्लेडनं भोवरी कापू नका, कुरूप जाळू नका, बिब्बा तर लावूच नका. आमचं एक बोट काढावं लागलं. पाय राहिला. तीन महिने त्या पायावर भार द्यायचा नाही असा हुकूम. औषधापेक्षा हे कठीण होतं. दर दहा दिवसांनी त्या काउंटरवरच्या बाईचा फोन यायचा, "महाराज, चालत तर नाही नं?" आम्ही चालत असायचो. तिला आवाजावरून कळायचं.

जखम भरली तोवर कोरोना आला. 2020 आणि 2021 ला माउलींच्या पादुका एस.टी.नं पंढरीला गेल्या, कोणाचीच पायी वारी नव्हती. आम्हाला वाईट वाटलं आणि, खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. अनवाणी का नाही चालला, असं विचारायला कोणी नव्हतं.

मग चपलेचा प्रश्न. डॉक्टरबाईंनी एमसीआर चप्पल लिहून दिली. आत मऊ रबर, खाली कडक तळ, मागून पट्टा, कुठं खिळा नाही. ही चप्पल आपल्या भागातल्या जुन्या माणसांनी ओळखीची आहे. कुष्ठरोग्यांना सरकारी दवाखान्यातून मिळते तीच. बधिर पाय कुष्ठरोगानं होवो का शुगरनं, त्याला काटा कळत नाही, म्हणून चप्पल सारखीच. आम्ही ती घालून एका गावी कीर्तनाला गेलो. उतरलो तेव्हा लोकांची नजर पायाकडे. कीर्तन झाल्यावर दरवर्षी पायावर डोकं ठेवायला रांग लागते, त्या वर्षी लोक लांबूनच हात जोडून गेले. जेवायला पत्रावळ निराळी, ओसरीवर. कोणी काही बोललं नाही.

त्या रात्री आम्हाला एक माणूस आठवला. आम्ही लहान असताना आपल्या दिंडीच्या मागं, पन्नास पावलं सोडून, एक जण चालायचा. हाताची बोटं झडलेली, पायाला चिंध्या. त्याला कोणी टाळ दिला नाही, पंगतीत घेतलं नाही. आम्ही पोरं त्याला खडे मारायचो. जवळच वरोऱ्याला बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती काढली, त्याच्याही आधी 1936 ला मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं होतं. आपल्या जिल्ह्यातून माणसं तिथं जाऊन बरी झाली. आज तर सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की तो रोग बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट. पण आपल्या दिंडीनं त्या माणसाला पन्नास पावलं मागंच ठेवलं. शंभर वर्षांच्या इतिहासात गुरुजींच्या वहीत हे नसेल, म्हणून आम्ही सांगितलं.

हत्तीपायाच्या माउलींचंही तेच. चार जणी दिंडीत आहेत, लुगडं घोट्याखाली ओढून चालतात. त्यांना रोज पाय साबणानं धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, बसताना पाय उंच ठेवायला सांगितलं आहे. आणि दरवर्षी हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन आशाताई घरी येते तेव्हा गोळी तिच्यासमोर गिळा, उकिरड्यावर टाकू नका. कोंबड्यांना हत्तीपाय होत नाही.

आता जे सांगायला आम्ही उभे राहिलो ते. आमचे विणेकरी बुवा समोर बसले आहेत. त्यांनाही शुगर. 2022 ला वारी सुरू झाली तेव्हा त्यांच्या अंगठ्याला फोड होता. त्यांनी कोणाला दाखवला नाही आणि अनवाणीच चालले. अनवाणी चालण्याचा महिमा त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकला होता? आमच्या. आमचं बोट गेलं होतं, आमच्या पायात चप्पल होती, पण कीर्तनात आम्ही अजून जुनंच बोलत होतो. चप्पल का घातली हे गादीवरून सांगायची हिंमत झाली नाही. बुवांचा पाय गुडघ्याखाली गेला. आता जयपूर फूट आहे. आम्ही घरी जाऊन त्यांच्यापुढं डोकं ठेवलं, तर म्हणाले, "जाऊ द्या जी, तुमीच का चाललात माह्या पायानं?" ते मोठे आहेत. आम्हाला मात्र ते वाक्य झोपू देत नाही.

म्हणून मागच्या वर्षापासून आम्ही कीर्तनात पायात जोडी घालतो. तीच एमसीआर, पण निराळी, धुतलेली, मांडवाबाहेर कधी न नेलेली. त्यावरून वाद झाला. नारदाच्या गादीवर चप्पल? दोन ज्येष्ठ मंडळी उठून गेली, अजून आमच्याशी बोलत नाहीत. त्यांचं चूक आहे असं आम्ही म्हणत नाही, जन्मभर आम्हीही तसंच मानत होतो. ज्याला पायाखालचा खडा कळतो त्यानं खुशाल अनवाणी चालावं, आम्ही त्याच्या पाया पडू. ज्याला कळत नाही त्याच्यापुरतं आमचं मागणं आहे. कमिटीनं ठराव घ्यावा की अशा माणसाला मांडवात आणि वाटेत चप्पल काढायला कोणी लावणार नाही. ठराव होईल का नाही, ठाऊक नाही. परवा बैठक आहे.

उद्या काकड्यानंतर उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताई इथं मांडवात बसणार आहेत, तो दोरा घेऊन. त्यांच्या टेबलाजवळ नाव लिहायला आमची सूनबाई बसेल. तिला सांगून ठेवलं आहे की आधी खुर्ची दे, मग नाव विचार. पहिला पाय विणेकरी बुवांचा, एकच आहे, तो दाखवतील. मग आमचे दोन, नऊ बोटांचे. पाय धुऊन, बेचक्या पुसून या, आणि चप्पल घालूनच या.

रामकृष्ण हरी.