रात्रपाळी आणि आपत्ती

(कुसगाव, ता. मावळ येथे परिचारिका व आरोग्यसेविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपत्तीविषयी बोलण्यासाठी कुसगावहून दूर जाण्याची गरज नाही. द्रुतगती महामार्गाचा टोलनाका आपल्या दारात आहे, पलीकडे घाट आहे, जवळच भुशी धरण आहे. 13 जून 2023 रोजी कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले. चौघांचा मृत्यू झाला. पुढल्याच वर्षी 30 जूनला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा वेळी पोलीस येतात, अग्निशमन दल येते, मागाहून पुढारीही येतात. वाचलेला जखमी मात्र अखेर तुमच्या हाती सोपवला जातो. त्या हातांना आधी कोणी काय शिकवले आहे, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

तुमच्या धैर्याविषयी शंका नाही. 1897 च्या प्लेगात रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला, ही आपली परंपरा आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांच्याकडे 20 गर्भवती स्त्रिया होत्या. अतिरेकी आवारात शिरलेले पाहताच त्यांनी कक्षाची दारे लावली आणि सर्वांना एका छोट्या खोलीत हलवले. एकीला प्रसूतिवेदना सुरू झाल्या, तेव्हा गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेने तिला प्रसूतिगृहात नेले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले आणि 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव मांडला. आपण याला धाडस म्हणतो, ते आहेच. परंतु कोणते दार घट्ट लागते, कोणती खोली सुरक्षित, प्रसूतिगृहाची वाट कोणती, हे अंगवळणी पडल्याशिवाय नुसते धाडस काय करणार?

दुसरी बाजू कटू आहे. 9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. 17 बालकांपैकी 10 दगावली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागातील आगीत 11 रुग्ण गेले. दोन्ही ठिकाणी ज्यांच्यावर कारवाई झाली, त्यांत परिचारिका होत्या. अहिल्यानगरला तर अटकही झाली. दोष कोणाचा किती, ते न्यायालय ठरवील. पण विजेच्या तारा परिचारिका टाकीत नाही, अग्निशमन यंत्रणेच्या निविदा ती काढीत नाही. धूर भरलेल्या कक्षातून कोणाला आधी, कसे आणि कोणत्या दाराने न्यायचे, याची तालीम तिला किती वेळा दिली होती, हे विचारणारे थोडे.

अभ्यासक्रमात आपत्ती-व्यवस्थापन आहे. परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. पण एकाच वेळी तीस जखमी आले की क्रम लावावा लागतो, आणि तो मनाला न पटणारा असतो. मोठ्याने ओरडणारा बहुधा थांबू शकतो, कारण त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जायचे. लाल, पिवळी, हिरवी, काळी चिठ्ठी बांधायची. काळी चिठ्ठी बांधणे किती अवघड असेल, याची मला कल्पनाच करवत नाही. रसायनाने भिजलेला रुग्ण असेल तर स्वतः हातमोजे घालून, दाराबाहेरच त्याचे कपडे उतरवायचे, भरपूर पाण्याने धुवायचे आणि मगच आत घ्यायचे. नाहीतर सारा कक्षच बाधित होतो. मिथेनॉलची ज्वाला तर भर उन्हात जवळजवळ दिसतही नाही. टँकरच्या वाटेवर राहणाऱ्यांना हे ठाऊक नको?

आणि तालीम होते ती कधी? सकाळी अकराला, साहेब उभे असताना, छायाचित्रकारासमोर. किल्लारीची धरणी 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास हादरली. कामा रात्रीचे, भंडारा रात्रीचे. कुणे पूल दिवसाचा होता, हे खरे. पण रात्री मनुष्यबळ सर्वांत कमी असते. म्हणून तुमच्या वरिष्ठांकडे एक मागणी लेखी करा. पुढची तालीम पूर्वसूचना न देता, रात्री दोन वाजता, पाळीवर जेवढ्या जणी असतील तेवढ्यांनाच घेऊन व्हावी. ऑक्सिजनचा मुख्य झडप कोठे आहे आणि मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे त्याच रात्री समजेल.