ताकेतोमी बेटावरील तीन दिवस
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



प्रवासाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. जगाचा नकाशा फळ्यावर पुष्कळ वेळा काढला. परंतु समुद्र ओलांडण्याचा योग सेवानिवृत्तीनंतरच आला. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त टोकियोस असतात. गेल्या मार्च महिन्यात त्यांनी आम्हा उभयतांस बोलावून घेतले आणि तीन दिवसांच्या सुटीत ताकेतोमी नावाच्या बेटावर नेले. टोकियोतील उंच इमारतींची वर्णने आपण ऐकली आहेतच; ती पुन्हा सांगत नाही.

हे बेट जपानच्या नैर्ऋत्य टोकास, ओकिनावा प्रांतातील याएयामा द्वीपसमूहात आहे. टोकियोहून अंतर सुमारे २००० किलोमीटर, आणि तैवान मात्र ३०० च्या आत. कर्कवृत्त थोडेसेच दक्षिणेस राहते. म्हणून टोकियोत अंगावर चढविलेली लोकर इशिगाकीच्या विमानतळावरच उतरवावी लागली. तेथून मोटारलाँचने दहापंधरा मिनिटांत ताकेतोमी येते. बेटाचा घेर अवघा ९ किलोमीटर, आणि वस्ती साडेतीनशेच्या आसपास.

गावात शिरताच सौभाग्यवती थबकल्या व म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्याकडचे गडगे!" आणि खरोखरच तसे होते. चुना-मातीवाचून एकावर एक रचलेले दगड. फरक इतकाच, की आपला जांभा, त्यांचा प्रवाळाचा दगड. आत बुटकी, तांबड्या कौलांची घरे. वादळात कौले उडू नयेत म्हणून त्यांच्या सांध्यांतून चुना भरलेला असतो, आणि छपरावर सिंहासारखा एक मातीचा रक्षक बसविलेला असतो. गडग्यांवरून बोगनवेल ओसंडत होती. वाटा पांढऱ्याशुभ्र प्रवाळी वाळूच्या. रात्री चांदण्यात या वाळूवर साप चटकन दिसतो, असे आम्हांस सांगण्यात आले.

आम्ही ज्या घरगुती खाणावळीत उतरलो, तिच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरातील. पहाटे जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहतो तो आजीबाई आपल्या दारापुढील वाट झाडीत आहेत, आणि पलीकडे शेजारीही तेच करीत आहेत. झाडलेल्या वाळूवर खराट्याच्या रेघा इतक्या सुबक उमटल्या होत्या की, वहाण ठेवण्यास मन धजेना. रात्रीच्या जेवणात कारल्याची भाजी आली, टोफू व अंडे घालून. आमच्या कारल्याशी तिचे गोत्र जुळते की नाही, यावर सौभाग्यवती व सूनबाई यांचा बराच ऊहापोह झाला.

दुसऱ्या दिवशी पाणरेड्याच्या गाडीतून गाव पाहिला. गाडीवान सापाच्या कातड्याने मढविलेले तीन तारांचे वाद्य वाजवून गात होता. गाणे याच गावच्या कुयामा नावाच्या रूपवतीचे. अठराव्या शतकात तिने अधिकाऱ्याची मागणी झिडकारली होती. चाल गोड, पण मागचा इतिहास कडू आहे. १६३७ पासून १९०३ पर्यंत या बेटांवर डोईपट्टी होती. स्त्रियांनी कापड विणून द्यावे, पुरुषांनी भात द्यावे. प्रवाळी जमिनीत भात कोठून पिकणार? म्हणून लोक होड्यांतून इरिओमोते बेटावर भातशेतीस जात, आणि तेथे हिवतापाने गाठलेले कित्येक परत येत नसत.

किनाऱ्यावर ताऱ्याच्या आकाराची वाळू सापडते. ती वस्तुतः सूक्ष्म एकपेशीय सागरी जीवांची कवचे होत. नातीने तळहातावर सात कण मिळविले. समुद्राविषयी अधिक काय सांगावे? आपण कोकणची माणसे.

आता ज्या गोष्टीने आमची झोप उडविली ती सांगतो. १९७१ साली येथे मोठा दुष्काळ पडला, वर वादळ झाले. १९७२ साली अमेरिकेच्या ताब्यातील ओकिनावा जपानकडे परत आला. त्या सुमारास बाहेरचे धनिक जमिनी घेऊ लागले, आणि गांजलेल्या लोकांनी त्या विकल्या. तेव्हा गावातीलच काहीजण उठले. पुढे १९८६ साली गावाने स्वतःची सनद केली: विकायचे नाही, घाण करायची नाही, शिस्त बिघडवायची नाही, मोडायचे नाही, आणि जे आहे ते जिवंत ठेवायचे. नवे घर बांधणेही गावसमितीच्या संमतीने. तरी सर्व जमीन वाचली असे नव्हे. २०१२ पासून बाहेरच्या कंपनीचे एक मोठे हॉटेल तेथे आहे. मात्र तेही गडग्यांचे व कौलांचेच बांधावे लागले. २०१९ पासून धक्क्यावर ३०० येनांचे ऐच्छिक तिकीट ठेवले आहे. त्याच्या पैशातील काही भाग जमिनी परत मिळविण्यास लागतो. आम्ही आमचे तिकीट चिरंजीवांस काढू दिले नाही.

आमच्यातील शिक्षकाने शाळेची चौकशी केलीच. बेटावर प्राथमिक व माध्यमिक मिळून एकच शाळा. हायस्कूल नाही, पंधराव्या वर्षी मुलांना बेट सोडावे लागते. आजीबाईंचे दोन्ही मुलगे असेच गेले, ते बाहेरच स्थिरावले. आम्ही चिरंजीवांकरवी विचारले, मग वाट कोणासाठी झाडता? त्यांना प्रश्नच कळला नसावा. त्या म्हणाल्या, सकाळ झाली की झाडायची.

शेवटची लाँच सुटल्यावर दिवसाचे प्रवासी निघून जातात. त्या शांततेत चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, त्या कागदाचं काय ठरवलंत?"

बंधुभगिनींनो, कागद म्हणजे आमच्या गावच्या वडिलोपार्जित घराच्या विक्रीचा. तिघे भाऊ तीन ठिकाणी, घरास कुलूप, पडवी एका बाजूने खचलेली. गिऱ्हाईक चांगले होते. दोघा बंधूंच्या सह्या झाल्या होत्या. आमची तेवढी राहिली होती. आम्ही काहीच उत्तर दिले नाही. बंधूंचा दोष नाही. धाकट्यास मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची निकड आहे, आणि अडचणीत विकणाऱ्यास नावे ठेवणे सोपे असते.

तो कागद अद्याप सहीवाचून पेटीत आहे. धाकटे बंधू पुढील महिन्यात गावी येणार आहेत. तेव्हा तिघांनी बसून बोलायचे ठरले आहे. तोपर्यंत पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घेण्यास गडी लावले आहेत. अंगण आम्ही स्वतःच झाडून घेतले. कंबर दोन दिवस दुखत होती.