एडिंबरा ते भायखळा



महाविद्यालयाचा शतकमहोत्सव आला की स्मरणिका निघते. संस्थापकांची छायाचित्रं, इमारतीचा इतिहास, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असं सगळं तिच्यात असतं. आणि कुठंतरी मधल्या पानावर एक ओळ असते, की अमुक सालापासून मुलींना प्रवेश देण्यात आला. पुढच्या ओळीत विषय बदललेला असतो. आज मला त्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. ती ओळ लिहिली जावी म्हणून कुणाला काय सोसावं लागलं, आणि ती लिहिली गेल्यावरही काय मिळवायचं बाकी राहिलं, हे सांगायचं आहे. त्यासाठी मी निवडलेली हकीकत सुरू होते स्कॉटलंडमध्ये आणि येऊन पोचते आपल्या मुंबईत, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात.

१८६९ साल. सोफिया जेक्स-ब्लेक या तरुणीनं एडिंबरा विद्यापीठाकडे अर्ज केला, मला वैद्यक शिकायचं आहे. विद्यापीठाचं उत्तर आलं, की एकट्या बाईसाठी वेगळी सोय करता येणार नाही. सोफियानं त्या उत्तरातच वाट शोधली. एकटीसाठी जमत नसेल तर आणखी जणी आणू, असं ठरवून तिनं वर्तमानपत्रातून आवाहन केलं. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात विद्यापीठाच्या पटावर स्त्रियांची नावं चढली आणि थोड्याच काळात त्या सात जणी झाल्या. सोफिया जेक्स-ब्लेक, एडिथ पीची, इझाबेल थॉर्न, मटिल्डा चॅप्लिन, हेलन इव्हान्स, मेरी अँडरसन आणि एमिली बोव्हेल. ‘एडिंबराच्या सात जणी’ म्हणून इतिहास त्यांना ओळखतो.

प्रवेश मिळाला, पण अटी होत्या. वर्ग पुरुषांपासून वेगळे. त्यांना शिकवायचं बंधन कुठल्याही प्राध्यापकावर नाही. जो तयार होईल त्याला यांनीच गाठायचं. विद्यार्थी थोडे, म्हणून फी जास्त. रुग्णालयात रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून शिकणं हा तर वैद्यकाचा गाभा. पण तिथल्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयानं त्यांना आधी दारातच अडवलं. नाव पटावर आहे, पण शिकण्याची पुढची प्रत्येक पायरी स्वतःच्या हिमतीवर चढायची, अशी त्यांची अवस्था होती.

१८७० मध्ये रसायनशास्त्राची परीक्षा झाली. एडिथ पीची सबंध वर्गात तिसरी आली. तिच्या पुढचे दोघे तो अभ्यासक्रम दुसऱ्यांदा करत होते, म्हणजे पहिल्यांदाच परीक्षेला बसलेल्यांमध्ये एडिथ पहिली. त्या विषयात ‘होप शिष्यवृत्ती’ होती, आणि ती मिळणाऱ्यांना प्रयोगशाळा मोफत वापरता येई. नियमाप्रमाणे एडिथ तिची मानकरी होती. पण प्राध्यापकांनी शिष्यवृत्ती खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्याला दिली. कारण काय, तर एडिथ वेगळ्या वर्गात शिकली, म्हणून ती या वर्गाची विद्यार्थिनीच नव्हे! वेगळा वर्ग तिनं मागितला नव्हता. तो विद्यापीठानंच तिच्यावर लादला होता, आणि आता तोच तिच्या आड आला.

आणखी एक गोष्ट ऐका. ही शिष्यवृत्ती ठेवली होती थॉमस चार्ल्स होप या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी, त्याआधी सुमारे चार दशकं. त्यासाठीचा पैसा कुठून आला होता? होप यांनी शहरातल्या स्त्रियांसाठी रसायनशास्त्रावर व्याख्यानं दिली होती. त्या व्याख्यानांना स्त्रियांनी गर्दी केली आणि त्या उत्पन्नातून ही शिष्यवृत्ती उभी राहिली. स्त्रियांच्या ज्ञानाच्या ओढीतून जमलेला पैसा, आणि तो स्त्रीलाच नाकारला गेला. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत जास्त बोचतो. चिखलफेकीपेक्षाही जास्त.

चिखलफेक नंतर झाली. १८ नोव्हेंबर १८७०. दुपारी शरीररचनाशास्त्राची परीक्षा होती, सर्जन्स हॉल या इमारतीत. सात जणी निघाल्या तेव्हा रस्ता माणसांनी भरून गेला होता. गर्दीत विद्यार्थीही होते. शिव्या सुरू झाल्या, अंगावर चिखल पडू लागला. त्या फाटकाशी पोचल्या आणि फाटक त्यांच्या तोंडावर लावून घेण्यात आलं. तेवढ्यात त्यांच्या बाजूचा एक विद्यार्थी आतून धावत आला, त्यानं फाटक उघडलं आणि त्या आत गेल्या. चिखलानं माखलेल्या कपड्यांनी त्या परीक्षेला बसल्या. परीक्षा चालू असताना कुणीतरी एक मेंढी वर्गात ढकलली. शिक्षक डॉ. हँडिसाइड यांनी ती तिथंच राहू दिली. तिला आत सोडणाऱ्यांपेक्षा तिला जास्त समज आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

पेपर संपला. बाहेर जमाव अजून होता. मागच्या दारानं जाता का, असं त्यांना विचारण्यात आलं. सोफियानं नकार दिला. आपल्याबरोबर पुरेसे सभ्य विद्यार्थी आहेत, असं ती म्हणाली, आणि सहाध्यायांच्या संरक्षणात त्या पुढच्याच दारानं बाहेर पडल्या. श्रोतेहो, त्या दिवशी फाटक लावणारे पुरुष होते आणि फाटक उघडणाराही पुरुषच होता. हा इतिहास सांगताना ही दोन्ही बाजूंची माणसं लक्षात ठेवली पाहिजेत.

पुढं प्रकरण न्यायालयात गेलं. १८७३ मध्ये निकाल लागला तो त्यांच्याविरुद्ध. स्त्रियांना प्रवेश देण्याचा अधिकारच विद्यापीठाला नव्हता, असं न्यायालयानं ठरवलं. चार वर्षांचा अभ्यास झाला, पण पदवी नाही. सोफियानं १८७४ मध्ये लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय उभं केलं. एडिथ स्वित्झर्लंडला गेली आणि १८७७ मध्ये बर्न विद्यापीठाची एम. डी. होऊन आली. तिनं इंग्लंडमध्ये लीड्स इथं दवाखाना थाटला.

आणि इथून ही हकीकत आपल्याकडे वळते.

मुंबईत त्या काळी बाई आजारी पडली, बाळंतपणात अडली, तरी पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही अशी रीत हजारो घरांत होती. जीव गेला तरी चालेल, पण दाखवणार नाही. जॉर्ज किट्रेज हे मुंबईतले अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक यांनी यावर उपाय करायचं मनावर घेतलं. १८८२ मध्ये त्यांनी निधी उभारायला सुरुवात केली. त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या: इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणायच्या, स्त्रियांसाठी रुग्णालय बांधायचं, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजची दारं मुलींना उघडायची. मला या योजनेचं मोठं कौतुक वाटतं, कारण तिच्यात शिक्षण, काम आणि कामाची जागा या तिन्हींचा विचार एकदम केलेला होता. मुलगी डॉक्टर झाली तर ती काम कुठं करणार, या प्रश्नाचं उत्तर प्रवेशाच्या आधीच तयार होतं.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होतं. १८८३ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ३८ वर्षांनी, तिथं मुलींना प्रवेश मिळाला. मद्रासच्या कॉलेजनं ते आधीच, १८७५ मध्ये केलं होतं. मुंबईत १८८३ मध्येच, २२ नोव्हेंबरला, कामा रुग्णालयाची पायाभरणी झाली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी एक लाखाहून अधिक रुपये दिले. रुग्णालयाचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहावा, असा या योजनेचा कटाक्ष होता. आणि डिसेंबरात मुंबईच्या बंदरात उतरल्या डॉ. एडिथ पीची. ज्यांची शिष्यवृत्ती हिरावली, ज्यांच्या अंगावर चिखल फेकला, त्याच.

१८८६ मध्ये रुग्णालय सुरू झालं. आजही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत तिथं पोचता येतं. डॉ. पीची यांनी तिथं काम उभं केलं, परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. बालविवाहाविरुद्ध त्या जाहीरपणे बोलल्या. स्त्री डॉक्टरला पुरुष डॉक्टरइतकंच वेतन आणि तितकंच शिक्षण मिळालं पाहिजे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. होप शिष्यवृत्तीनं त्यांना जे शिकवलं ते त्या विसरल्या नव्हत्या. प्रवेश देऊन हक्क राखून ठेवता येतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

मुंबईतली आणखी एक तरुणी त्याच काळात आपल्या हक्कासाठी न्यायालयात उभी होती. रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करीन, असं त्यांनी ठामपणे सांगितलं होतं. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. डॉ. पीची आणि इतरांच्या पाठबळावर त्या लंडनला गेल्या आणि शिकल्या कुठं? सोफिया जेक्स-ब्लेक यांनी सुरू केलेल्या त्याच विद्यालयात. एडिंबरानं दार लावलं म्हणून लंडनमध्ये जे दार उघडलं, त्यातून मुंबईची मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडली. पुढं सुरत आणि राजकोट इथं त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

१८८३ च्याच एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या होत्या. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. कामावर रुजू होणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पुढच्या पिढीत त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केलं. छत्रपती शाहू महाराजांचा त्यांना भक्कम आधार होता. आणि कृष्णाबाई वैद्यक शिकल्या होत्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. आनंदीबाईंना सातासमुद्रापार जावं लागलं; कृष्णाबाईंना कोल्हापूरहून मुंबईला येणं पुरलं. एका कॉलेजनं दार उघडल्यानं एवढा फरक पडतो.

एडिंबरानं काय केलं? १८९२ मध्ये तिथं स्त्रियांना पदवी घेण्याचा मार्ग मोकळा झाला. आणि त्या सात जणींना विद्यापीठानं मरणोत्तर मानद पदवी दिली, ती जुलै २०१९ मध्ये. त्यांची नावं पटावर चढल्याला दीडशे वर्षं होत आली होती. तिथं तेव्हा शिकणाऱ्या सात विद्यार्थिनींनी त्यांच्या वतीनं ती स्वीकारली. उशीर फार झाला, पण चूक उघडपणे दुरुस्त केली, याबद्दल त्या विद्यापीठाचा मला आदर वाटतो.

श्रोतेहो, अशा प्रवेशाचा आनंद आपण साजरा केलाच पाहिजे, आणि मोठ्या मनानं केला पाहिजे. मात्र साजरा करताना पटावरच्या पहिल्या नावाशी थांबू नये. त्या मुलीला वसतिगृह कधी मिळालं? प्रयोगशाळा आणि ग्रंथालय मुलांइतका वेळ खुलं कधी झालं? रात्रपाळीच्या डॉक्टरणीला टेकायला, तोंड धुवायला स्वतःची खोली कधी मिळाली? पहिली प्राध्यापिका कधी नेमली गेली, आणि पहिली प्राचार्या कधी झाली? ही सगळी सालं त्या एका ओळीच्या खाली लिहिली गेली, की इतिहास पुरा होतो. जिथं साल लिहिता येत नाही, तिथं काम शिल्लक आहे हेही कळतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या गावच्या महाविद्यालयाची स्मरणिका निघायची असेल, तर कार्यालयातलं जुनं प्रवेशपुस्तक उघडा. मुलींची पहिली नावं शोधा. त्या कुठल्या गावच्या, घरून त्यांना कुणी पाठवलं, कुणी विरोध केला, कुठल्या शिक्षकानं फाटक उघडलं, हे त्यांच्या नातवंडांकडून विचारून घ्या. अजून सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून ठेवा. त्या पहिल्या मुलींचं देणं आपल्यावर आहे, आणि ते फेडायची सुरुवात या वर्षीच करता येईल.