जमावातून बाजूला होताना



काउबॉयचा सिनेमा म्हटलं की घोडे, धूळ आणि शेवटी पिस्तुलांची चकमक डोळ्यांपुढं येते. विल्यम वेलमन यांचा 1943 सालचा ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ वेगळा आहे. जेमतेम सव्वा तासाचा हा चित्रपट तेव्हा चालला नाही, आपल्याकडंही त्याचं नाव क्वचितच निघतं. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र तो आवर्जून दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

गोष्ट 1885 सालच्या नेवाडातली. गावच्या एका पशुपालकाचा खून झाल्याची बातमी येते. शेरीफ बाहेरगावी. लोकच निघतात, रात्री तीन अनोळखी माणसांना पकडतात आणि उजाडताच फासावर चढवतात. परतताना शेरीफ भेटतो, तेव्हा कळतं, पशुपालक जिवंत आहे.

चित्रपटाची खरी ताकद मतदानाच्या प्रसंगात आहे. फाशी नको असणाऱ्यांनी बाजूला व्हावं, असं ठरतं. सात जण बाजूला होतात, त्यात जमावाच्या म्होरक्याचा मुलगाही असतो. बाकीचे जागचे हलत नाहीत. ते सगळेच क्रूर नाहीत. कित्येकांना चारचौघांत वेगळं पडायची भीती वाटते.

उणिवाही आहेत. दरीचा देखावा स्टुडिओतला आहे, हे लपत नाही. नायकाची जुनी प्रेयसी मध्येच घोडागाडीतून येते आणि कथा रेंगाळते. शेवटी नायक झालेला हेन्री फोंडा फाशी दिलेल्यांपैकी एकाचं पत्र मोठ्यानं वाचतो. समोरच्याच्या टोपीच्या काठानं त्याचे डोळे झाकलेत, फक्त ओठ दिसतात. चित्रण अप्रतिम, पण पत्र प्रवचनासारखं वाटतं. आपल्याला जे कळून चुकलेलं असतं, तेच ते पुन्हा सांगतं.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं पाहा. भानामतीच्या संशयावरून ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथं सात जणांना भर चौकात बांधून मारलं गेलं. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा इथं जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जाळलं गेलं. तिथंही मारणारी बहुतेक गावचीच माणसं होती.

चित्रपटातल्या सात जणांपाशी आधार नव्हता. शेरीफ दूर, न्यायाधीश दुबळा. आपल्याकडं 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. गावात कुजबुज सुरू होताच पोलीस पाटलाला, ठाण्याला कळवता येतं. म्हणून शाळेत, ग्रामसभेत हा चित्रपट मतदानाच्या प्रसंगापाशी थांबवावा आणि प्रत्येकाला विचारावं: तुम्ही कुठं उभे राहाल, आणि कुणाला कळवाल?