दोन टप्प्यांचा अग्निबाण आणि प्राथमिक शाळा



दिवाळी संपल्यावर किनाऱ्यावरील कोणत्याही गावात सकाळी एक दृश्य हमखास दिसते. चार मुले विझलेल्या बाणांच्या नळ्या गोळा करतात, न उडालेल्या फटाक्यांतील दारू कागदावर काढतात आणि ती एकत्र करून मोठा बाण करण्याचा घाट घालतात. त्यांच्या मनात प्रश्न एकच असतो : कालचा बाण याहून उंच कसा जाईल? प्रश्न अस्सल शास्त्राचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याची मुलांची रीत मात्र डोळ्यांवर आणि बोटांवर बेतणारी आहे.

अशा वेळी "खबरदार, हात लावाल तर" एवढे म्हणून शिक्षकाचे कर्तव्य संपत नाही. ज्या मुलाला केवळ मनाई मिळते, ते माडांच्या बागेत मोठ्यांच्या नजरेआड तोच उद्योग करते. ज्याला करण्याजोगे दुसरे काही मिळते, ते शिक्षकासमोर करते. मुलांच्या या प्रश्नाचे खरे उत्तर म्हणजे अग्निबाणाचा पहिला टप्पा, ज्यास बूस्टर म्हणतात तो. हा टप्पा दारूचा एक कणही न वापरता शाळेत करून दाखविता येतो.

अग्निबाण पुढे का जातो, हे किनाऱ्यावरच्या मुलास शिकवावे लागत नाही. आठवण तेवढी करून द्यावी लागते. होडीतून धक्क्यावर उडी मारणारा मनुष्य पुढे जातो आणि होडी मागे सरते. अग्निबाण आपल्या पोटातील वायू वेगाने मागे फेकतो आणि स्वतः पुढे जातो. बाहेरची हवा त्याला ढकलीत नाही. म्हणून जेथे हवा नाही तेथेही तो चालतो.

मग उंच जाण्यासाठी इंधन वाढवावे, असे मुले चटकन सुचवितील. पण इंधन वाढले की ते ठेवण्याचे नळकांडे मोठे होते, आणि इंधन जळून गेल्यावरही ते रिकामे नळकांडे वाहून न्यावे लागते. येथे बूस्टरची युक्ती उपयोगी पडते. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक आगगाड्यांना कर्जतला मागून जादा एंजिने जोडतात. ती गाडीला रेटून बोरघाट चढवितात आणि चढ संपल्यावर सुटी होतात; गाडी त्यांच्यावाचून पुढे जाते. बूस्टरही मागून रेटतो आणि काम संपताच मागे राहतो.

यात किती लाभ होतो, हे शिक्षकाने स्वतः एकदा मांडून पाहावे. समजा, १०० किलोचा एक अग्निबाण आहे. त्यात ८० किलो इंधन, १५ किलो नळकांडे आणि ५ किलो वर न्यावयाचा भार. इंधन संपल्यावर २० किलो उरतात, म्हणजे वजन ५ पटींनी घटले. आता तेच इंधन व तेच नळकांडे दोन टप्प्यांत वाटावे. पहिल्यात ६४ किलो इंधन व १२ किलो नळकांडे. दुसऱ्यात १६ किलो इंधन, ३ किलो नळकांडे आणि वर तोच ५ किलोचा भार. पहिला टप्पा जळल्यावर १०० चे ३६ होतात, घट २.७८ पट. रिकामे १२ किलो टाकून दिले की २४ उरतात. दुसरा टप्पा जळून त्यांचे ८ होतात. घट ३ पट. दोन्ही घटींचा गुणाकार ८.३३ होतो. अग्निबाणाचा वेग या आकड्याच्या लघुगणकाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून हवेचा विरोध व गुरुत्वाकर्षण क्षणभर बाजूस ठेवल्यास अंतिम वेग सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक येतो. इंधन मुळीच वाढविलेले नाही. रिकामे झालेले ओझे वेळेवर सोडले, एवढेच. वरच्या वर्गातील मुलांना लघुगणकावाचूनही वजाबाकी व भागाकाराने हे गणित पुष्कळसे समजते.

हेच तत्त्व आपल्या देशात एका मासेमार गावी प्रत्यक्षात उतरले. केरळात तिरुअनंतपुरमजवळ थुंबा हे गाव आहे. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा तेथून जवळ असल्यामुळे वरच्या वातावरणाच्या अभ्यासास ती जागा सोयीची ठरली. जागेचा शोध घेण्यात डॉ. विक्रम साराभाई यांचे सहकारी डॉ. एकनाथ चिटणीस होते. त्यांचा जन्म १९२५ साली कोल्हापुरास झाला. थुंब्यातील सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या इमारतीत कचेरी व प्रयोगशाळा थाटण्यात आली. अग्निबाणाचा भाग सायकलवर ठेवून नेत असल्याचे तेथील छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. आरंभी साधने इतकीच होती.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला. त्याचे नाव नाइके-अपाची. तो अमेरिकेकडून मिळालेला होता आणि दोन टप्प्यांचा होता. खालचा नाइके हा बूस्टर सुमारे साडेतीन सेकंदच जळतो. तो विझताच हवेचा विरोध त्या जाड नळकांड्याला अधिक मागे खेचतो, आणि सडपातळ अपाची त्यातून सुटून पुढे निघतो. काही सेकंद मिळालेल्या वेगावरच तो वर चढतो. नंतर त्याचे इंधन पेटते. त्या संध्याकाळी अपाचीने सुमारे २०० किलोमीटर उंची गाठली. त्याने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा रंगीत ढग किनाऱ्यावरील लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर चारच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, भारतात तयार झालेला ७५ मिलिमीटर व्यासाचा रोहिणी अग्निबाण तेथूनच उडाला. घन इंधन देशातच तयार करण्याच्या कार्यात पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते.

आता शाळेतील कामाकडे वळावे. त्याचे दोन भाग आहेत : पहिला बांधणीचा, दुसरा उड्डाणाचा.

बांधणीसाठी जाड कागद बांबूच्या गुळगुळीत काठीवर गुंडाळून सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची नळी करावी. टोकास कागदाचा शंकू लावून त्यात थोडी चिकणमाती भरावी आणि शेपटाशी पुठ्ठ्याचे तीन पंख समान अंतरावर चिकटवावेत. हा झाला वरचा टप्पा. तो दोऱ्यावर आडवा तोलून पाहावा आणि जेथे तोल साधतो तेथे दोरा पक्का करावा. मग मोकळ्या पटांगणात, मुलांना दूर उभे करून, तो दोऱ्याने डोक्याभोवती फिरवावा. टोक पुढे ठेवून फिरला तर बांधणी स्थिर आहे असे समजावे.

त्यानंतर १० सेंटिमीटरची दुसरी नळी तेवढ्याच जाडीची करावी. हा बूस्टर होय. त्यात इंधनाच्या वजनाऐवजी मातीचा गोळा ठेवावा आणि तो वरच्या टप्प्यास मागून जोडावा. तोल आता शेपटाकडे सरकलेला दिसेल. नवा तोलबिंदू शोधून पुन्हा फिरविल्यास बाण बहुधा आडवा-तिडवा होतो. बूस्टरला मोठे पंख लाविले की तो पुन्हा सरळ चालतो. मागचे वजन वाढले तर मागचे पंखही वाढले पाहिजेत, हा नियम मुले स्वतःच्या हाताने शोधतात.

ज्या देशांत नमुन्याचे अग्निबाण उडविण्याचा छंद रूढ आहे, तेथे कारखान्यात भरून बंद केलेल्या इंधनाच्या लहान नळ्या मिळतात. बूस्टरच्या नळीतील दारू जळत वरच्या कडेला पोचली की तप्त कण वरच्या नळीच्या तोंडात उडतात आणि ती पेटते. तेथे वेगळी वात नसते. खालचा टप्पा संपणे हीच वरच्यासाठी खूण असते.

हीच खूण फुग्यांनी दाखविता येते. साहित्य थोडे आहे : दोन लांबट फुगे, हवा भरण्याचा हातपंप, कागदी पेल्याच्या काठाचे कापलेले वळे, शहाळे पिण्याच्या दोन नळ्या, चिकटपट्टी आणि तंगूसाची दोरी. शेवटची वस्तू कोणत्याही मच्छीमाराच्या घरी मिळेल. दोरी दोन्ही नळ्यांतून ओवून वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताठ बांधावी. पुढचा फुगा पाऊण भरावा, त्याची मान वळ्यातून मागे ओढावी आणि चिमटीत धरून ठेवावी. आता मागच्या फुग्याचे बंद टोक त्याच वळ्यात थोडे शिरवून त्यात हवा भरावी. तो फुगत जातो तसतसा पुढच्याची मान वळ्याशी दाबून धरतो. पकड पक्की झाली की चिमूट सोडावी. दोन्ही फुगे चिकटपट्टीने आपापल्या नळीस जोडून मागच्याचे तोंड मोकळे करावे. मागचा फुगा दोघांनाही पुढे नेतो. तो रिकामा होऊन आकसला की पुढच्याची मान सुटते आणि पुढचा एकटा धाव घेतो.

हे पाहून एखादे मूल विचारील, "गुरुजी, मागचो रिकामो झालो तरी पुढचो कसो जाता?" त्या वेळी उत्तर देण्याची घाई करू नये. वळे हातात देऊन त्यालाच पाहू द्यावे. मागच्याचे रिकामे होणे हेच पुढच्याचे दार उघडणे आहे, हे त्याच्या तोंडून यावे.

प्रयोग पहिल्या खेपेस साधेलच असे नाही. वळे मोठे असेल तर पुढच्या फुग्याची हवा आधीच निसटते. मानेला पीळ पडला असेल तर ती उघडत नाही. पावसाळी दमट हवेत चिकटपट्टी धरत नाही. फुगे उन्हात राहिले तर रबर कुजते; ते झाकणाच्या डब्यात ठेवावेत. प्रत्येक खेपेस काय बिघडले ते मुलांनी वहीत लिहावे. एका फुग्याने कापलेले अंतर तीनदा व जोडीने कापलेले तीनदा मोजून सरासरी काढावी. अपेक्षेप्रमाणे आकडे आले नाहीत तर ते खोडू देऊ नयेत.

मोठ्यांच्या कामातही जोडणीच कठीण ठरते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उपग्रह नेणारा चार टप्प्यांचा एसएलव्ही-३ उडाला. पहिला टप्पा ठीक चालला. दुसऱ्याच्या नियंत्रणयंत्रणेत बिघाड झाला आणि सारा अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. दोष शोधून काढण्यात आला. १८ जुलै १९८० रोजी सुमारे १७ टनांच्या तशाच अग्निबाणाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. बिघाडाची नोंद वहीत का ठेवावयाची, हे या एका उदाहरणावरून मुलांना पटेल.

शेवटी काही सावधगिरीच्या गोष्टी. फटाक्यांची दारू, काडेपेटीच्या काड्यांचे गूल किंवा अन्य कोणतेही ज्वालाग्राही मिश्रण शाळेच्या प्रयोगात आणू नये. वरच्या वर्गातील हुशार मुलांच्या आग्रहास्तवही नाही. परवान्यावाचून स्फोटके तयार करणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि घट्ट बांधलेली नळी बाण न होता बाँब होते. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच गोळा करावेत, कारण लहान मूल ते तोंडात घालते व ते घशात अडकतात. तंगूस डोळ्यांस दिसत नाही. म्हणून दोरीवर रंगीत चिंध्या बांधाव्यात आणि काम संपताच ती सोडून गुंडाळावी. उरलेला तुकडा वाळूत टाकू नये. पक्ष्यांचे पाय व कासवांच्या माना त्यात अडकतात.

या प्रयोगास दोन तासिका आणि किरकोळ खर्च पुरतो. तो दिवाळीच्या सुट्टीपूर्वी करावा, म्हणजे सुट्टीत बाणांच्या नळ्या गोळा करणाऱ्या हातांना आधीच दुसरे काम मिळालेले असेल. शक्य झाल्यास गावातील पालकांनाही बोलवावे. ज्यांच्या घरची तंगूसाची दोरी मुलांनी मागून आणली, त्यांनी तिच्यावरून पुढचा फुगा सुटताना पाहिला, तर घरी दारूला हात लावू नकोस असे सांगणारे माणूस शिक्षकाव्यतिरिक्त आणखी एक होईल.