सोळा फूट माती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलण्याचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. म्हणून मुलीने घरी दाखवलेल्या एका इंग्रजी चित्रपटाची गोष्टच सांगते. संभाषण तिने समजावून दिले.

चित्रपट १९९५ सालचा. नाव मोठे गमतीचे: टेकडी चढून गेलेला आणि डोंगर उतरून आलेला इंग्रज! दिग्दर्शक ख्रिस्तोफर माँगर मूळचे वेल्समधील. आजोबांकडून ऐकलेली गोष्ट त्यांनी त्यात सांगितली आहे.

साल १९१७, पहिल्या महायुद्धाचे दिवस. दोन इंग्रज मोजणीदार वेल्समधील एका खेड्यात डोंगर मोजायला येतात. हजार फूट भरला तर नकाशात डोंगर, नाहीतर टेकडी! भरतो ९८४. सोळा फूट कमी!

गावावर जणू आकाशच कोसळते. गावची मुले लढाईवर गेलेली. ती परत येतील तेव्हा त्यांचा डोंगर जागेवर नको का? मग बायामाणसे, पोरे, म्हातारे बादल्या भरभरून माती माथ्यावर नेऊ लागतात. पाहुणे निघून जाऊ नयेत म्हणून त्यांची मोटार बिघडवून ठेवतात. तिथे हसून हसून माझी पुरेवाट झाली.

पण पाऊस कोसळतो आणि केलेले काम वाहून जाऊ लागते. गावचे वृद्ध धर्मगुरू आणि दारूचा गुत्ता चालवणारा मॉर्गन यांचे कधी पटलेले नसते. तरी दोघेही या कामाला लागतात. रविवार विश्रांतीचा, पण धर्मगुरू स्वतःच त्या दिवशी लोकांना डोंगरावर बोलावतात. म्हातारपणी माती वाहता वाहता ते तिथेच देह ठेवतात. गाव त्यांना माथ्यावरच पुरते. अखेर पुन्हा मोजणी होते आणि उंची हजाराच्या वर भरते.

इथे माझे हसू थांबले. भगिनींनो, गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून माझा आपल्यातल्याच एका बहिणीशी अबोला आहे. कारण तिळाएवढे, मी त्याचा डोंगर केला. ती आज समोरच बसली आहे. कार्यक्रम संपला की सतरंज्या गुंडाळायच्या आहेत. एक टोक मी धरीन. दुसरे तिने धरावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.