जांभळाचा रंग आणि आपले आरोग्य

(मंडळाच्या विष्णुपुरी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात मुलांना शिकविण्यात गेली. तेव्हा वैद्यकीचा आव न आणता, आपल्या गोदाकाठी पिकणाऱ्या जांभळाविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, असे योजिले आहे.

मृगाच्या आगेमागे जांभळे पिकतात. ती खाल्ली की जीभ रंगते आणि तोंडास तुरटपणा येतो. या दोहोंचे मूळ एकाच कुळातील द्रव्यांत आहे. त्यांस पॉलिफेनॉल म्हणतात. रंग देणारे ते अँथोसायनिन, तुरटपणा देणारे ते टॅनिन. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, ते टॅनिनच्याच बळावर. तेच लाळेतील प्रथिनांस बांधून ठेवते, म्हणून तोंड कोरडे वाटते. रंगाची परीक्षा तर घरीच करता येते. जांभळाच्या रसात लिंबू पिळले की तांबडी छटा खुलते. खाण्याचा सोडा टाकला की रस निळसर होतो. मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा.

काचनळीत ही द्रव्ये ऑक्सिडीकरणास आळा घालतात, म्हणून बाजारात त्यांचा मोठा गाजावाजा झाला. परंतु काचनळी निराळी आणि मनुष्याचे पोट निराळे. त्यांचा थोडाच अंश जसाच्या तसा रक्तात जातो. पुष्कळसा मोठ्या आतड्यात उतरतो व तेथील सूक्ष्म जंतू त्यापासून नवी द्रव्ये बनवितात. अमेरिकेच्या कृषिखात्याने फळांच्या या गुणाचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. अशा आकड्यांवरून शरीरावरील परिणाम ठरत नाही, म्हणून ते २०१२ मध्ये मागे घेतले.

आता मुख्य मुद्दा मधुमेहाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. आपल्या ज्ञातीतही असे घर विरळाच. जांभूळ या रोगावर गुणकारी, ही समजूत जुनी आहे. चरकसंहितेत मूत्रसंग्रहणीय द्रव्यांत जांभळाची गणना आहे. बियांच्या चूर्णाचे प्राण्यांवरील काही प्रयोग आशादायकही ठरले. परंतु ब्राझीलमध्ये रुग्णांस जांभळाच्या पानांचा चहा देऊन गोळीशी तुलना केली, तिचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला : गोळीने साखर उतरली, चहाने उतरली नाही. बियांचे चूर्ण गोळीची जागा घेते, असेही माणसांवर सिद्ध झालेले नाही.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, चूर्णाच्या भरवशावर कोणीही गोळ्या वा इन्सुलिन बंद करू नये. साखर वाढत असता पुष्कळदा काहीच दुखत नाही. डोळे, मूत्रपिंडे व पाय मात्र आतून झिजत राहतात. चूर्ण घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. येथे विष्णुपुरीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तपासणीस संकोच कशाचा?

भगिनींस आणखी एक सूचना. टॅनिन हे भाजी-डाळीतील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करते, चहाचेही तसेच. ज्यांच्या अंगी रक्त कमी आहे, त्यांनी जेवणाबरोबर चहा व तुरट फळे न घेता मध्ये अवकाश ठेवावा, आणि भाजीवर लिंबू पिळावे. लिंबाने लोह शोषण्यास साहाय्य होते.

मग जांभूळ खाऊ नये काय? अवश्य खावे. ऋतूत मूठ-दोन मुठी ताजी जांभळे, हिवाळ्यात बोरे व आवळे, हा आपला उत्तम आहार आहे. मधुमेह्यांनी बेताने घ्यावीत. रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी वर मीठ भुरभुरू नये. परदेशी फळांच्या महागड्या डब्यांमागे धावण्याचे कारण नाही.

बांधावर वा ओढ्याकाठी प्रत्येक कुटुंबाने जांभळाचे एक तरी झाड लावावे. फळास अन्नाचा मान द्यावा, औषधास औषधाचा. एवढा विवेक घरोघरी रुजला तर आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.